हयातीचा दाखला

"अवयव कुठला करू, ते आधी सांगा," मेस्त्री अबदियास म्हणाले आणि त्यांनी कानामागची पेन्सिल काढून हातात घेतली.

 घरून निघताना दोना लुझानिराला वाटलं होतं की मेस्त्रींनाच सगळं ठाऊक असेल. अख्ख्या पंचक्रोशीचे नवस या माणसाच्या पटाशीखालून जात. कुणाचा पाय बरा झाला की लाकडाचा पाय, छातीतली गाठ विरघळली की लाकडाची छाती. ते घेऊन माणसं ऑक्टोबरात संत फ्रान्सिसच्या जत्रेला कानिंदेला जात आणि देवळाशेजारच्या नवसाच्या खोलीत ठेवून येत. गाय वाचली तर गाय. चोरीला गेलेली मोटरसायकल सापडली तर मोटरसायकल, दोन्ही आरशांसकट. मेस्त्रींनी एकदा कुणासाठी मूत्रपिंडही केलं होतं. ते घेवड्याच्या दाण्यासारखं दिसत होतं, पण संताला कळलं असणार.

"दुखणं कुठे होतं पोराला?" मेस्त्रींनी विचारलं.

"दुखणं असं नव्हतं हो. सट्टा लावायचा. फोनवर, फुटबॉलचा."

"तेच का," मेस्त्री म्हणाले. "यंदा तेच चाललंय सगळं. पूर्वी माझ्याकडे गुडघे जास्त असायचे. आता आया येतात, बायका येतात, आणि इथे उभ्या राहून विचार करतात. बहुतेक जणी अंगठा मागतात. शाळेतल्या त्या बाई दोन्ही अंगठे घेऊन गेल्या. मी म्हटलं, बाई, दाबतात एकानेच. तर म्हणाल्या, तुम्ही माझ्या नवऱ्याला ओळखत नाही."

लुझानिरा हसली. हसताना तिने तोंडावर हात धरला, कारण पुढचा एक दात गेला होता. "अंगठ्याचा काय दोष? डोकं करा. डोकंच फिरलं होतं माझ्या निल्दोचं."

"डोक्याला लाकूड जास्त लागतं."

"लागू दे. आणि मेस्त्री, नाक आमच्या घरातलं ठेवा. उगाच कुणाचं तरी डोकं नेऊन ठेवल्यासारखं नको. संताला कळायला हवं, कुणाचं आहे ते."

मेस्त्रींनी तिचं नाक समोरून पाहिलं, बाजूने पाहिलं आणि उंबुरानाच्या ओंडक्यावर एक रेघ मारली. मग ती रेघ तशीच सोडून त्यांनी वर बघितलं.

"सुटला ना पण पक्का? माझं काम लाकडाचं आहे, पण सांगतो. नवस फळल्यावरच फेडायचा असतो, दोना. आधी फेडला तर संताच्या तोंडावर खोटं बोलल्यासारखं होतं."

"सुटला म्हणजे काय!" लुझानिरा म्हणाली. "अहो, माझा पोरगा मला परत मिळालाय."

सट्टा काही या गावाला नवा नव्हता. चौकात आंब्याखाली खुर्ची टाकून तोन्यो बसायचा आणि प्राण्यांचे आकडे घ्यायचा. स्वप्नात साप दिसला की लोक सापावर लावत, सासू दिसली तरी सापावरच लावत. धंदा बेकायदा होता आणि हवालदारही तिथेच आकडा लावायचा. पण तोन्योला लाज होती. एकच माणूस एका दिवसात पुन्हापुन्हा आला की तो चिठ्ठी फाडायचा नाही. म्हणायचा, "घरी जा. बायको वाट बघतेय."

मग फोनवरचा सट्टा सरकारने कायदेशीर केला. कायदेशीर सट्ट्याला घरी जा म्हणणारं कोणी नसतं. उलट माणूस घरी जाऊन आडवा झाला की फोन स्वतःच वाजतो: या, आज तुमच्यासाठी खास भेट आहे. खेळाडूंच्या छातीवर त्याची जाहिरात, मालिकेच्या मध्ये त्याची जाहिरात, रेडिओवर संध्याकाळची प्रार्थना लागायच्या आधीही तीच. लुझानिरा बोलायला गेली तर निल्दो म्हणायचा, "कायदेशीर आहे, आई. सरकारचा शिक्का आहे त्यावर." सरकारचा शिक्का मांसावरही असतो आणि त्याच मांसाने माणसं आजारीही पडतात, हे तिला तेव्हा सुचलं नाही. सुचायला हवं तेव्हा तिला काही सुचत नसे.

निल्दो, म्हणजे जोसेनिल्दो, तिचा एकुलता एक. मोटरसायकलवरून माणसं नेण्या-आणण्याचा धंदा करायचा. बायको क्लेइदे, एक लहान मुलगी, शेजारच्याच गल्लीत भाड्याचं घर. फुटबॉलचं वेड बापाकडून आलेलं. बापाला तर गावच्या संघाच्या सदऱ्यातच पुरलं होतं, पाद्रीबाबांच्या नाकावर टिच्चून.

काहीतरी बिघडलंय हे लुझानिराला कळलं तो दिवस तिला स्पष्ट आठवत होता. गावचा संघ कधी नव्हे तो मोठ्या स्पर्धेत पोचला होता आणि चौकात पडदा लावला होता. सामना संपता संपता आपल्या पोरांनी गोल केला. म्हातारे खुर्च्यांवर उभे राहिले, जन्मात एकमेकांशी न बोललेली माणसं गळ्यात पडली, कोणीतरी देवळाची घंटा वाजवली. आणि निल्दो पायरीवर बसून दोन्ही हातांनी डोकं धरून रडत होता. लुझानिराला आधी वाटलं, आनंदाने रडतोय, बापाची आठवण आली असेल. ती जवळ गेली तेव्हा तो म्हणाला, "आणखी गोल होणार नाही यावर लावले होते, आई. दोन मिनिटं उरली होती."

त्यानंतर मोटरसायकल गहाण गेली. मग क्लेइदे मुलीला घेऊन फोर्तालेझाला बहिणीकडे गेली आणि निल्दो आईच्या घरी राहायला आला. तुर्कस्तानातल्या कुठल्याशा गावात चेंडू कोपऱ्यातून किती वेळा मारला जाईल, कोरियातल्या मुलींच्या सामन्यात पिवळं कार्ड कुणाला मिळेल, यावर त्याचं जेवण अवलंबून असायचं. ताटातलं तसंच राहायचं. मानेची हाडं दिसू लागली होती. शेवटी एक दिवस तो स्वतःहून आला, तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि म्हणाला, "आई, मला बांधून ठेव."

तिने त्याला बांधलं नाही, हाताला धरून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथली परिचारिका भली होती. तिने त्याच्याजवळ बसून सरकारच्या यादीत त्याचं नाव बंद करून घेतलं. यापुढे देशातली कुठलीही सट्ट्याची कंपनी जोसेनिल्दोला दारात उभं करणार नाही, असं तिने सांगितलं. त्या संध्याकाळी लुझानिराने गुडघे टेकले आणि नवस बोलली: माझ्या पोराला यातून सोडव, मी तुझ्यासारखा तपकिरी झगा घालून तुझ्या दारी येईन.

आणि संताने ऐकलं. किती पटकन ऐकलं! निल्दो कौलांच्या भट्टीवर कामाला लागला. वेळेवर जेवू लागला. बाजारहाटही तोच करायचा, तिच्या पेन्शनचं कार्ड घेऊन जायचा आणि पिशवी भरून आणायचा. पिशवीत मांस हळूहळू कमी झालं आणि घेवडा वाढला, पण महागाईच तेवढी होती. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, तो सकाळी तिच्याशी बोलू लागला.

तो तिच्या आधी उठायचा. कॉफी करायचा, तिला आवडते तशी दाट आणि गोड, आणि कप घेऊन खिडकीशी तिच्या स्टुलाजवळ यायचा. मग फोन तिच्या तोंडासमोर धरायचा.

"इकडे बघ, आई. आता थोडं डावीकडे. आता उजवीकडे. हस जरा."

"हे कशाला रे रोज?"

"पेन्शनसाठी. हयातीचा दाखला. तू जिवंत आहेस की नाही, सरकार विचारतंय."

"सांग त्यांना, तुमच्या नाकावर टिच्चून जिवंत आहे म्हणावं."

तो हसायचा. फोनवर हिरवी खूण उमटायची, तो तिच्या कपाळाचं चुंबन घ्यायचा आणि भट्टीवर जायचा. पहिले काही दिवस ती तशीच, विस्कटलेल्या केसांनी बसायची. मग एकदा तिला लाज वाटली. सरकार असो की कोणी असो, रोज आपला चेहरा बघतंय आणि आपण असं बसायचं? ती उठून केस विंचरू लागली. मग लग्नातले कानातले डबीतून काढून घालू लागली. निल्दो म्हणाला, "वा, आज काय नवरदेव यायचाय?" या एका चेष्टेवर तिचा अख्खा दिवस गेला. निल्दोचा बाप गेल्यापासून तिच्याकडे एवढं निरखून कोणी बघितलं नव्हतं. पोरगा रोज सकाळी आपला चेहरा बघतो, याहून जास्त तिला या वयात काही नको होतं.

जत्रेचा ट्रक पहाटेच निघाला. मागे फळ्यांचे बाक टाकलेले, वर ताडपत्री, आणि तपकिरी झगे घातलेली माणसं खांद्याला खांदा लावून बसलेली. लुझानिराच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं डोकं होतं. शेजारी झेफिन्या बसली होती. ती निल्दोची धर्ममाता होती, घर भिंतीला भिंत लागून, तोंड फाटकं आणि मन साफ.

"दाखव तरी," झेफिन्या म्हणाली आणि टॉवेल स्वतःच बाजूला केला. "अगं बाई! हे तर तूच आहेस!"

"निल्दो आहे तो."

"निल्दो कुठला! नाक बघ, हनुवटी बघ. मेस्त्रींनी तुझंच मुंडकं उडवलंय." ट्रकभर हशा पिकला. डोकं हातोहात मागच्या बाकापर्यंत गेलं आणि परत आलं. सगळ्यांचं म्हणणं एकच, ही दोना लुझानिराच आहे, फक्त हिचे दात शाबूत आहेत.

"तुझं बरं आहे बाई," झेफिन्या म्हणाली. "पोरगा सुधारला, घरात आहे. माझे तिघे दूर साओ पावलोत. मी जिवंत आहे की मेले, ते त्यांना नाताळाशिवाय आठवत नाही."

"मला तर सरकार रोज विचारतं," लुझानिरा म्हणाली. तिला हे सांगायचंच होतं. ती संधी शोधत होती असं म्हटलं तरी चालेल. "रोज सकाळी कॉफीच्या वेळी निल्दो फोन धरतो. डावीकडे बघ, उजवीकडे बघ, हस. हयातीचा दाखला. राष्ट्रपतींना माझी फार काळजी गं, त्यांना झोपच लागत नाही."

पुढच्या बाकावरच्या बायका हसल्या. झेफिन्याही हसत होती, आणि हसता हसता म्हणाली, "रोज? अगं, तो वर्षातून एकदा असतो. माझा मार्चमध्ये झाला. आता पुढच्या मार्चपर्यंत मी मेले तरी त्यांना पत्ता लागायचा नाही."

"नवा नियम असेल."

"असेल," झेफिन्या म्हणाली, पण आता ती हसत नव्हती.

 पुढच्या बाकावरची म्हातारी बाहेरच्या काटेरी झुडपांकडे बघू लागली. एका माणसाने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. लुझानिराने एकेकाकडे बघितलं, आणि तिला वाटलं की आपण काहीतरी वावगं बोललो.

समोर मार्लूसिया बसली होती, शिवणकाम करणारी तरुण मुलगी. तिच्या हातात लाकडाचा अंगठा होता. ती पुढे वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, "दोना, निल्दोचं नाव यादीत बंद केलंय ना?"

"केलंय. माझ्यासमोर केलं."

"मग त्याच्या नावावर त्याला कोणी आत घेणार नाही. त्याला दुसऱ्या कुणाचं तरी नाव लागणार. आणि ज्याचं नाव, त्याचाच चेहरा दाखवावा लागतो. नुसता फोटो चालत नाही, जिवंत माणूस लागतो. म्हणून मान वळवायला सांगतात, हसायला सांगतात." तिने अंगठा हातात फिरवला. "माझ्या भावाने आजीचा चेहरा वापरला. तो तर तिला म्हणायचा की पाद्रीबाबांना दाखवायचाय."

"माझा निल्दो तसा नाही," लुझानिरा म्हणाली.

"माझा भाऊही तसा नव्हता, दोना."

मागून कोणीतरी घाईघाईने संताचं गाणं सुरू केलं, आणि सगळे नेहमीपेक्षा मोठ्याने गाऊ लागले. झेफिन्याने लुझानिराचा हात घट्ट धरला होता. लुझानिरा गात नव्हती. पेन्शन गेली असेल, पिशवीतलं मांस कुठे गेलं ते आता कळलं, हे सगळं तिच्या डोक्यात आलं आणि निघूनही गेलं. त्याचं तिला फारसं काही वाटलं नाही. तिला वाटलं ते कानातल्यांचं. आपण रोज सकाळी केस विंचरून, लग्नातले कानातले घालून त्या खिडकीशी जाऊन बसत होतो. पोरगा आपल्याकडे बघतोय म्हणून हसत होतो. आणि तो त्या चेहऱ्याने सट्ट्याचं दार उघडत होता, बस. त्या आठवणीने तिला एवढी लाज वाटली की तिने झग्याची टोपी डोक्यावरून पुढे ओढून घेतली.

नवसाच्या खोलीत छतापर्यंत माणसांचे तुकडे होते. पाय, हात, मेणाच्या छात्या, कापून वाहिलेल्या वेण्या, लहान मुलांचे बूट, कुबड्या. एका कोपऱ्यात नुसते अंगठे, चुलीसाठी तोडून ठेवलेल्या काटक्यांसारखे. रांग हळूहळू पुढे सरकत होती. मार्लूसियाने आपला अंगठा त्यात ठेवला, डोळे पुसले आणि बाजूला झाली.

लुझानिरा डोकं हातात धरून उभी राहिली.

ती संताशी मनातल्या मनात बोलत नसे, तिला ती सवयच नव्हती. ती सरळ बोलली, मागच्या लोकांना ऐकू जाईल असं. "मी काय मागितलं होतं तुझ्याकडे? सोडव म्हटलं होतं. तू त्याला रोज सकाळी कॉफी घेऊन माझ्यासमोर आणलंस. मी अडाणी बाई, मला वाटलं झालं काम. आता हे ठेवलं तर मी खोटारडी. आणि नाही ठेवलं तर मला कबूल करावं लागेल. तूच सांग काय करू."

संताच्या मूर्तीच्या हातापायांवर त्याच्या त्या क्रुसाच्या खिळ्यांसारख्या जखमा होत्या, आणि तो नेहमीसारखाच वर बघत होता.

"ठेवा आजी," खोलीची राखण करणारा माणूस म्हणाला. "मागे रांग आहे."

"नाही ठेवायचं."

"आणलेलं परत नेऊ नये, आजी. चांगलं नसतं ते."

"माझंच डोकं आहे," लुझानिरा म्हणाली. "मी नेते." आणि तिने ते टॉवेलात गुंडाळलं.

परतीच्या वाटेवर तिने निल्दोला काय काय बोलायचं ते ठरवलं. चोर म्हणायचं ठरवलं. बापाचं नाव काढायचं ठरवलं. घरातून जा म्हणायचं ठरवलं, आणि मग तो जाईल कुठे याचा विचार करत बसली. झेफिन्याने मध्येच विचारलं, "मी येऊ का तुझ्याबरोबर?" ती म्हणाली, "नको. आमच्या दोघांतलं आहे."

घरी पोचली तेव्हा तो झोपला होता. तोंड उघडं टाकून, लहानपणी झोपायचा तसा. तिने त्याला उठवलं नाही. तिला आणखी एक सकाळ हवी होती. कदाचित तो उद्या फोन आणणारच नाही. कदाचित मार्लूसियाचं चुकलं असेल. आई झाली की माणूस असल्या कदाचितांवर दिवस काढतं.

सकाळी तिने केस विंचरले नाहीत. कानातले डबीतच राहिले. ती खिडकीशी स्टुलावर बसली आणि लाकडाचं डोकं समोर टेबलावर ठेवलं.

निल्दो कॉफी घेऊन आला. दुसऱ्या हातात फोन होता. डोकं बघून तो थांबला.

"ठेवलं नाहीस?"

"नाही."

"का?"

"नवस अजून फळला नाही म्हणून."

त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. लहानपणी गुळाची ढेप चोरल्यावर व्हायच्या तशाच. त्याने कप टेबलावर ठेवला, जरा जास्तच जपून ठेवला. मग तो हातातल्या फोनकडे बघत म्हणाला, "आई, हे पटकन करून घेऊ. मग बोलू या."

"कोण विचारतंय, निल्दो?"

"सरकार."

"सरकार वर्षातून एकदा विचारतं. झेफिन्याला मार्चमध्ये विचारलं."

 बाहेरून गाढवाच्या गळ्यातली घंटा वाजत गेली. मग तो तिच्यासमोर जमिनीवर उकिडवा बसला आणि एकदम भराभर बोलू लागला. "मी सांगणारच होतो, आई. आज सांगणार होतो, खरंच. आजचा एकच सामना आहे, आता सुरू होतोय. पक्का आहे. मला माहीत आहे, तुला वाटतंय मी नेहमीच असं म्हणतो, पण हा वेगळा आहे. आज झालं की गाडी सोडवतो. क्लेइदेला आणतो, पोरीला आणतो. तुझी नात इथे, या खोलीत खेळेल. आजचं शेवटचं. तुझी शपथ, आई."

ठरवलेल्यातलं एकही वाक्य तिच्या तोंडून निघेना. चोर म्हणता येईना. तिच्या डोळ्यांतून नुसतं पाणी वाहू लागलं, आवाज न करता, हनुवटीपर्यंत.

त्याने फोन वर धरला. फोनने लाल खूण दाखवली. चेहरा नीट दिसत नव्हता.

"थांब," तो म्हणाला. त्याने तिला स्टुलासकट जरा उजेडाकडे वळवलं. मग सदऱ्याचं टोक हातात घेऊन तो तिचे डोळे पुसू लागला. आधी एक, मग दुसरा. नाकाच्या कडेने, गालाच्या सुरकुत्यांतून, हनुवटीखालून. इतकं हळू, की जणू ती तापातलं लेकरू होती. कपाळावर आलेली बट त्याने बोटाने उचलली आणि कानामागे सारली. त्याच्या बोटांना भट्टीतल्या मातीचा वास होता.

जन्मल्यापासून त्याने तिला असा हात लावला नव्हता. तिच्या मनात आलं, घे म्हणावं. रोज सकाळी हा हात मिळणार असेल, तर घे माझा चेहरा, मला म्हातारीला तो आता काय करायचाय? तिने तोंड थोडं वरही केलं.

"हां, अशीच बस," निल्दो म्हणाला. "इकडे बघ आता. हस जरा, आई."

तिने बघितलं, त्याच्याकडे. तो तिच्याकडे बघत नव्हता. तो फोनवर दिसणाऱ्या तिच्याकडे बघत होता, आणि त्याचे ओठ काहीतरी मोजत असल्यासारखे हलत होते.

लुझानिराने डोळे मिटले.

"आई, डोळे उघड."

ती तशीच बसून राहिली, हात मांडीवर, मान ताठ.

"डोळे उघड ना. दोन सेकंद. आई, सामना सुरू होतोय."

त्याने तिच्या खांद्याला धरलं. आधी हळूच, मग हलवलं. मिटलेल्या डोळ्यांआड तिला त्याचा श्वास ऐकू येत होता, पळून आलेल्या पोराचा असावा तसा. तिने पापण्या आणखी घट्ट केल्या. डोळे उघडले तर तो हसेल, कपाळाचं चुंबन घेईल, आणि उद्या पुन्हा कॉफी आणेल. हे सगळं तिला हवं होतं. 

"आई! बघ ना गं माझ्याकडे! आई, उघड डोळे!" त्याचा आवाज फाटला आणि तो रडू लागला, पण हात खांद्यावरून काढला नाही. "आई, असं नको ना करूस! उघड! आई!"

भिंतीपलीकडे झेफिन्या मक्याचं पीठ भिजवत होती. तिने आधी कान दिला, मग छातीवर क्रुसाची खूण केली आणि पिठाचे हात तसेच घेऊन धावत सुटली. तिला वाटलं, लुझानिरा गेली.